बेटकुळीचं दुसरं टोक

मांजरसुंब्याच्या चौकात माझं मेडिकल आहे. त्याला लागून शहादेवचं सीट शिवायचं दुकान. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे तिकडचं सगळं इकडे ऐकू येतं. त्याचं मशीन सुरू झालं की माझ्याकडच्या सिरपच्या बाटल्या किणकिणायला लागतात आणि गिऱ्हाईक दचकून वर बघतं.

ट्रकवाले इथल्या धाब्यांवर जेवायला थांबतात. जेवण होईपर्यंत फाटलेली सीट शहादेवकडे टाकतात. कुणाला नुसते टाके हवे असतात, कुणाला नवा फोम, कुणाला लाल-काळं रेक्झीन आणि वर झालर. शहादेव पन्नाशीचा, बुटका, छातीला रुंद. ओठात कायम दाभण, म्हणजे पोती शिवायची ती जाड सुई. दाभण तोंडात धरूनच तो बोलतो आणि प्रश्न विचारायचा असला की तेवढ्यापुरती काढतो. प्रश्न बहुतेक एकच असतो, ‘कावून?’

एकदा माझ्या काउंटरवर एक गोळी उचलून म्हणाला, “सोमेश्वरभाऊ, हिच्या मधे रेघ कावून हाय?”

“अर्धी करून घेता यावी म्हणून.”

“मग त्या दुसरीला कावून न्हाई?”

मी इतकी वर्षं औषधं विकतोय, पण त्या दिवशी मला कंपनीच्या माणसाला फोन करून विचारावं लागलं. असा हा माणूस. दहावीनंतर शाळा सुटली, पण विचारायची खोड सुटली नाही.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात केजकडून येणारी एसटी आमच्या चौकात बंद पडली. उतारू सावली शोधत पांगले. त्यातल्या एक बाई शहादेवच्या पत्र्याखाली येऊन उभ्या राहिल्या. चाळिशीच्या आतबाहेर, खांद्याला पर्स, हातात गुंडाळलेला मोठा तक्ता. खाली पडलेला फोमचा एक तुकडा त्यांनी उचलला. मुठीत दाबला, सोडला, परत दाबला. बराच वेळ त्यांचं तेच चाललं होतं.

“काय शिवायचं हाय, मॅडम?” शहादेवनं विचारलं.

“हात,” बाई म्हणाल्या.

“हाताला कव्हर?”

“नाही. हातच.”

त्या उज्ज्वला मॅडम. बीडच्या एका नर्सिंग शाळेत मुलींना शरीररचना शिकवतात. त्यांनी तक्ता उलगडून दाखवला. कातडी काढलेला माणूस, अंगभर लाल लाल पट्टे, प्रत्येकावर नाव. मॅडम म्हणाल्या, मुली नावं घडाघडा म्हणतात, पण पुढं ह्याच मुलींना माणसाच्या मांसात सुई खुपसायची आहे, आणि मांस म्हणजे काय ते एकीनंही हातात धरून बघितलेलं नाही. शाळेत प्लास्टिकचा एक पुतळा आहे, पण मुली मोडतील म्हणून तो कुलपात असतो.

“मला असा हात पाहिजे, की मुलींनी त्याचं मांस काढावं, परत लावावं, ओढावं. फाटला तर तुम्ही टाके घालावेत.”

“कावून? चित्रात सगळं दिसतंय की.”

“दिसतं. पण चित्र उचलून त्याच्याखाली काय आहे ते बघता येतं का?”

शहादेवनं दाभण तोंडातून काढली आणि मशीनवर ठेवली. मी त्याला ओळखतो. दाभण मशीनवर ठेवली म्हणजे बाकीचं काम बाजूला पडलं.

पहिला हात त्यानं मॅडमनी मोबाइलवर पाठवलेल्या चित्रावरून केला. हाडं तानाजी सुताराकडून लाकडाची करून घेतली, खऱ्या हाताच्या दुप्पट. कोपराला दाराची बिजागरी. आणि दंडाच्या हाडावर पुढून-मागून लाल रेक्झीनच्या गुबगुबीत गाद्या, कडेला पांढरी पायपिंग, एकेक टाका मोजून मारल्यासारखा. दंडाची बेटकुळी तर अशी फुगवली होती की तालमीतल्या पैलवानानं लाजावं. बंकट नावाचा एक ट्रकवाला नेहमी यायचा. तो म्हणाला, “बे, माझ्या सीटला हेच रेक्झीन लाव.”

हात बीडला न्यायचा होता. शहादेव मोटरसायकल चालवणार, तर हात धरून मागं बसायला कुणीतरी हवं. मी भावाला दुकानावर बसवलं आणि निघालो. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. हमरस्त्यावर मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून बघत होते. बीडमधे शिरताना एका पोलिसानं थांबवलं, हात दाबून बघितला, बेटकुळीवर टिचकी मारली आणि काही न विचारता जाऊ दिलं.

वर्गात तीसेक मुली होत्या. पाटोदा, धारूर, परळी अशा गावागावांतून आलेल्या. हात टेबलावर ठेवल्याबरोबर सगळ्या गोळा झाल्या. शहादेव दाराशी उभा राहिला, मी त्याच्यामागं.

मॅडम म्हणाल्या, “हा पुढचा स्नायू. हा आखडला की कोपर वाकतं. ओढून बघा.”

बबिता नावाची मुलगी पुढं झाली. धर्मापुरीकडची, घरी मेंढरं असलेली. तिनं बेटकुळी दोन्ही हातांनी धरून वर ओढली. काहीच झालं नाही. तिनं खाली ओढली. टेबलावरून सगळा हातच सरकला. कोपर होतं तसंच राहिलं.

“मॅडम, ही तर उशी हाय,” बबिता म्हणाली.

मुली हसल्या. शहादेवचे कान लाल झाले. मला वाटलं आता हा निघतो. पण तो पुढं गेला.

“ताई, मग कसं पाहिजे?”

बबिता जरा ओशाळली. “काका, दिसायला लई भारी हाय. पर ओढल्यावर काहीतरी हालाया पाहिजे ना.”

मॅडमनी हात उलटासुलटा केला आणि त्यांच्या लक्षात आलं. गादीची दोन्ही टोकं शहादेवनं दंडाच्या एकाच हाडावर शिवली होती. एकाच हाडाला दोन्हीकडून धरलेलं मांस हालवणार कशाला?

“चूक माझी,” त्या म्हणाल्या. “मी चित्र पाठवलं, आणि चित्रात दोन्ही टोकं झाकलेली असतात, वरचं खांद्याच्या मांसाखाली, खालचं कोपराखालच्या मांसात. स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. एक टोक सांध्याच्या अलीकडे, दुसरं पलीकडे. तेव्हाच सांधा हालतो.”

“म्हंजे वरचं टोक ह्या हाडावर न्हाईच?”

“नाही. ते खांदा ओलांडून वर, खवाट्याच्या, म्हणजे पाठीवरच्या चपट्या हाडाला. आणि खालचं कोपर ओलांडून खाली.”

शहादेवनं शर्टाच्या आत हात घालून स्वतःचा खांदा चाचपला. मग लाल हात काखेत मारला. परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याचा चौक दिसायला लागला तेव्हा एकदम म्हणाला, “मी आजवर मांसाला गादीच समजत आलो, सोमेश्वरभाऊ. हाडाला लागू नये म्हणून घातलेली.”

दुसऱ्या दिवसापासून त्यानं माणसं दाबायला सुरुवात केली. पहिला मी. “दंड द्या जरा.” मग बंकट, मग चहावाला, मग जेवायला थांबलेले कुठकुठले ड्रायव्हर. तो एका हाताची बोटं बेटकुळीच्या टोकाशी रोवायचा आणि म्हणायचा, “आता वाकवा. आता सोडा.” कोपराच्या खोबणीत आखडल्यावर एक दोरीसारखी तार वर येते, ती त्याला पहिल्याच दिवशी सापडली. तुम्हीही बघा, पुस्तक हातात धरलंय त्याच हाताला सापडेल. खालचं टोक असं हाताला लागत होतं, वरचं मात्र खांद्याखाली कुठंतरी हरवायचं.

त्याची बायको केशरबाई डबा घेऊन आली होती. तिनं हा प्रकार बघितला. एक अनोळखी, जाडजूड ड्रायव्हर शर्ट काढून स्टुलावर बसलेला आणि नवरा त्याचा खांदा चाचपतोय. तिनं डबा ठेवला आणि म्हणाली, “तुमच्या आज्याला लोक हातभर लांब उभं करायचे. अन् तुमी लोकांचे दंड दाबत फिरता.”

ती हसत म्हणाली होती. शहादेव म्हणाला, “आज्याला सांगाया पाहिजे होतं. सगळ्यांचं सारखंच लागतंय.” आणि परत ड्रायव्हरकडे वळला, “हां, आता वाकवा.” मी पत्र्याच्या अलीकडून ऐकत होतो. तिथं माझं बोलायचं काम नव्हतं.

वाट सापडली ती घरच्या कोंबडीत. रविवारी केशरबाई कोंबडी साफ करत होती. तोडलेला पाय बाजूला पडला होता. शहादेवनं तो उचलला. कापलेल्या जागी मांस आणि हाड यांच्यामधे पांढऱ्या दोऱ्याचं एक टोक दिसत होतं. चिमट्यानं धरून ओढलं, तर चारी बोटं एकदम मिटली. सोडलं, उघडली. परत ओढलं, मिटली. पोरं हा खेळ गावोगाव खेळतात, तोही लहानपणी खेळला असणार. पण त्या दिवशी तो पाय घेऊन तसाच माझ्या घरी आला. बोटांशी मांस नावालासुद्धा नव्हतं. ओढणारं मांस वर तंगडीत, खाली नुसती दोरी उतरलेली.

“बघा,” तो म्हणाला, “हालणार इथं, ओढणार तिथं. मांस म्हंजे दोर हाय, सोमेश्वरभाऊ. फुगीर दोर.”

मी त्याला आधी हात धुवायला लावले.

दुसरा हात त्यानं वेगळ्याच तऱ्हेनं केला. फोम थोडाच. आत ट्रकच्या ट्यूबची पट्टी, तिच्याभोवती फोमचं पातळ अस्तर, वर लाल कापड. दोन्ही टोकांना सामान बांधायचा पांढरा नायलॉनचा पट्टा आणि त्याला वेल्क्रो, म्हणजे मुलींना काढता-लावता येईल. तानाजीकडून खवाट्याचं हाड करून घेतलं. कोपराखालची दोन हाडं सुटी केली. करंगळीकडचं बिजागरीला पक्कं आणि अंगठ्याकडचं स्वतःभोवती फिरणारं, कारण पंजा उपडा-उताणा करताना तेच हाड फिरतं, हे त्यानं दाबादाबीत शोधलं होतं.

आता प्रश्न आला खालच्या टोकाचा. शहादेवनं ते करंगळीकडच्या हाडाला लावलं. मॅडम रविवारी दुकानात आल्या होत्या, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, “हे अंगठ्याकडच्या हाडाला पाहिजे.”

“न्हाई मॅडम. ते हाड फिरतंय. फिरत्या नळीला दोर बांधला तर दोर गुंडाळला जाईल. पक्क्या हाडाला बांधला की कोपर सरळ वर येतंय. हे बघा.” त्यानं ओढून दाखवलं. कोपर छान वाकलं.

“वाकतं, ते खरं,” मॅडम म्हणाल्या. “करंगळीकडच्या हाडाला जाणारा स्नायूही आहे, तो ह्याच्याखाली दडलेला. तो तुम्ही वेगळा करा. पण बेटकुळी अंगठ्याकडेच जाते. पुस्तकात तसंच आहे.”

“कावून पर?”

मॅडमनी पुस्तकातलं सांगून बघितलं, पण शहादेवचं समाधान होईना. बाकी काही असो, मॅडमचं काम आहे, म्हणून त्यानं टोक काढून अंगठ्याकडे लावलं. पण ते लावताना त्याचा चेहरा, उलटी सीट बसवायला सांगितल्यावर होतो तसा होता.

उत्तर मिळालं बंकटच्या ट्रकमधे. बंकटची सीट शिवून झाली होती आणि शहादेव केबिनमधे वाकून तिचे स्क्रू पिळत होता. मी माझ्या दुकानात होतो. एकदम त्याची हाक आली, “सोमेश्वरभाऊ! पळा इकडं!”

मला वाटलं हात अडकला. गेलो तर हा सीटवर बसलेला, बंकट बाजूच्या सीटवर. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर, डावा हात उजव्या दंडावर.

“इथं हात ठिवा. माझ्या बेटकुळीवर. आता बघा.”

त्यानं कोपर अंगाशी वाकवलेलं ठेवलं आणि समोरच्या डॅशबोर्डचा एक स्क्रू घट्ट पिळला. कोपर तसूभरही हाललं नाही, पण माझ्या बोटांखाली बेटकुळी टणक होऊन वर आली. मग त्यानं स्क्रू उलटा फिरवला. बेटकुळी ढिली पडली. परत घट्ट, परत टणक.

“वाकवायचं तर काहीच न्हाई हितं,” तो म्हणाला. “तरी ओढती. कावून? दोर गुंडाळलेला हाय म्हणून!”

तो उडी मारून दुकानात आला. लाकडी हाताचा पंजा त्यानं उपडा केला. अंगठ्याकडचं हाड फिरलं आणि त्याच्याभोवती पांढरा पट्टा गुंडाळला गेला, त्यानं भाकीत केलं होतं तसाच. मग त्यानं वरून बेटकुळी ओढली. पट्टा उलगडला, आणि उलगडताना हाड फिरवत गेला. पंजा उताणा झाला. ज्याला तो खोट म्हणत होता, तेच त्या टोकाचं काम होतं.

बंकट केबिनमधून ओरडला, “बे, माझे स्क्रू राहिले!”

शहादेवनं मॅडमना फोन लावला. त्या घरी होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “थांबा हं.” फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. मग कडीकुलपाचा, किल्ली फिरवल्याचा. थोड्या वेळानं त्या हसतच परत आल्या. “किल्ली फिरवताना येतंय की हो वर! ‘तळहात उताणा करणे’, ही ओळ मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण दंडावर हात ठेवून कधी बघितलं नव्हतं. तुम्ही आलंच पाहिजे वर्गात.”

ह्या वेळीही मी त्याच्यामागं बसून गेलो. वर्गात कुणी हसलं नाही. म्हणजे हसल्या, पण वेगळं. मॅडमनी आधी हात दाखवलाच नाही. मुलींना जोड्या करायला लावल्या. एकीनं हवेत स्क्रू पिळायचा, दुसरीनं तिच्या दंडावर बोटं ठेवायची. सगळ्या वर्गात ‘अगं आलं’, ‘माझं न्हाई येत’, ‘कोपर वाकव की’ असा गलका. मग लाल हात टेबलावर आला. मुलींनी बेटकुळी सोडवली, तिच्याखालचा दुसरा स्नायू काढला, तो करंगळीकडच्या हाडाला जातो ते बघितलं. मागचा तीन टोकांचा स्नायू काढला. सगळं काढल्यावर लाकडं उरली. मॅडम म्हणाल्या, आता परत लावा. चित्र बघायचं नाही, स्वतःचा हात चाचपायचा.

बबिता आपला डावा हात हवेत फिरवत होती. ती म्हणाली, “काका, डाव्या हातानं स्क्रू घट्ट केला तर उलटं होतंय. घट्ट करताना ढिली, अन् उघडताना टणक.”

शहादेवनं स्वतःचा डावा हात हवेत फिरवून बघितला. मग म्हणाला, “अडकलेला स्क्रू मी कायम डाव्या हातानं उघडतो. उस्तादानं तसं शिकवलतं. उस्तादाला विचारलतं मी कावून, तर चापट बसली.” आणि तो जोरात हसला. मुलींनी त्यालाच पुढच्या बाकावर बसवलं आणि त्याचे दोन्ही दंड तपासले.

ते टेबल मी नीट बघितलं. एका मुलीनं मागचा स्नायू पुढं लावला होता, तो ओढला की हात भलतीकडेच जायचा. तिला कुणी चूक म्हटलं नाही. तिनं ओढलं, बघितलं, काढलं आणि मागं लावलं.

त्यानंतर मॅडमनी दुसरं काम आणलं आणि शहादेव पहिल्यांदाच नाही म्हणाला. त्यांना कंबर हवी होती, म्हणजे कमरेखालचा मागचा भाग. मुली इंजेक्शन तिथं देतात, आणि चुकीच्या जागी सुई गेली तर पाय अधू होऊ शकतो. त्यांना वरचा जाड स्नायू उचलून खालची शीर, म्हणजे पायात उतरणारा मज्जातंतू, दाखवायची होती.

“मॅडम, तेवढं सोडून सांगा,” शहादेव खाली बघत म्हणाला. “दुकान चौकात हाय. लोक काय म्हणतील?”

केशरबाई तिथंच डबे आवरत होती. “जल्मभर सीटाच शिवल्या,” ती म्हणाली, “अन् आता सीटलाच लाजता व्हय?”

मॅडमना हसू आवरेना. शहादेवही शेवटी हसला. कंबर घरी शिवायची ठरली, केशरबाईनं मदत करायची. ती गोधड्या शिवते, तिचा हात थरावर थर घालण्यात बसलेला. पौर्णिमेला विहारातून आली की ती ओसरीत बसायची आणि हे दोघं मिळून शिवायचे. शीर केली पिवळ्या दोरीची. मॅडमनी जाडी सांगितली तेव्हा शहादेवला पटेना.

“करंगळीएवढी? एवढी जाड शीर, अन् आपण तिच्यावर बसतो?”

“तिच्यावर नाही बसत. त्या स्नायूवरही नीटसं नाही बसत,” मॅडम म्हणाल्या. “हाताच्या पंज्यांवर बसून बघा.”

शहादेव स्टुलावर तळहात उताणे ठेवून बसला. दोन टोकदार हाडं तळव्यात रुतली. मग तसाच अर्धवट उठला, आणि उठताना मांस सरकून हाडांवर आल्याचं हाताला कळलं. बसला, सरकलं. उठला, आलं. तो पाच-सात वेळा उठला-बसला. केशरबाई म्हणाली, “पुरं आता, शेजारी बघतेत.”

त्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा जरा हरवल्यासारखा होता. “उस्ताद म्हणायचा, पहले बैठनेवाले को देख, फिर सीट काट. मी बघायचो काय, तर माणूस जाड का बारीक. बसतंय कोण ते ठावंच न्हवतं. दोन हाडं बसतेत, सोमेश्वरभाऊ.”

मग त्यानं सीट कापायची रीत बदलली. ड्रायव्हरला कोऱ्या फोमवर बसवायचा, उठवायचा आणि खळगे कुठं पडले ते बघायचा. त्या जागी घट्ट फोम, मांडीखालची पुढची कड उतरती. काही ड्रायव्हर खूश झाले, सोलापूरला जाऊन परत येताना मुद्दाम सांगून गेले. काहींना मानवलं नाही. बंकट तर म्हणाला, “बे, माझी जुनीच दे. ही मला शाळेत बसल्यागत वाटती.” शहादेवनं त्याला जुनी करून दिली, पण आधी त्याला उठवून-बसवून कावून ते विचारून घेतलं. बंकटला सांगता आलं नाही. शहादेवला ते अजून खटकतं.

कंबर शाळेत गेली. तिचा स्नायू मुली रोज उचलतात, टाके दर दोन महिन्यांनी उसवतात आणि केशरबाई परत घालते. बबिता पास होऊन आता एका सरकारी दवाखान्यात लागली आहे. मधे गावी जाताना चौकात उतरली होती. म्हणाली, “काका, पहिलं इंजेक्शन देताना डोळ्यापुढं तुमची पिवळी दोरी होती.” शहादेवनं तिला चहा पाजला आणि बॅगेचा उसवलेला बंद शिवून दिला.

हल्ली त्याच्यापुढं नवाच पेच आहे. मॅडमनी चेहरा मागितला. शहादेवनं आत्मविश्वासानं विचारलं, कोणत्या हाडापासून कोणत्या हाडापर्यंत? मॅडम म्हणाल्या, चेहऱ्याचं तसं नाही. तिथं बहुतेक स्नायू एका टोकाला हाडाला असतात आणि दुसरं टोक थेट कातडीत शिरतं. ते सांधा हालवत नाहीत, कातडी ओढतात. म्हणून माणूस हसतो, रुसतो, कपाळाला आठ्या घालतो.

“म्हंजे एवढं शिकलो ते इथं लागू न्हाई?”

“नाही.”

मला वाटलं तो खट्टू होईल. पण तो इतका खूश झाला की दिवसभर त्यानं एकही सीट नीट शिवली नाही. ट्रकचा जुना साइड आरसा खिळ्याला टांगून तो तोंड वेडंवाकडं करत बसला. केशरबाईला एकच भुवई वर करता येते, ते त्याला लग्नाला इतकी वर्षं होऊन आता दिसलं. त्याला काही केल्या जमेना. मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, काहींना जमतं, काहींना नाही, नक्की कावून ते मलाही माहीत नाही. मॅडम ‘कावून’ म्हणाल्या ते मी ऐकलं.

चेहरा अजून झालेला नाही. पातळ, ताणणारं कापड लागतं, ते बीडला मिळेना, मग लातूरहून आणलं. आत्ता दुकानात एक अर्धवट झालेला चेहरा टांगलेला आहे, त्याला मागून सुतळ्या सोडल्यात. गालाची सुतळी ओढली की तो एकाच बाजूनं हसतो. दुसऱ्या बाजूची ओढली की हसण्याऐवजी नाक मुरडतो. जेवायला थांबलेले ड्रायव्हर विचारतात, हे काय काढलंय आता? शहादेव दाभण ओठातून काढतो, सुतळी त्यांच्या हातात देतो आणि त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतो, की हे बघताना त्यांचं स्वतःचं काय काय हालतंय.